सुई आणि सोयरीक

सन 1897 च्या ऑगस्ट महिन्यात निजामाच्या मुलखात, सिकंदराबादेच्या छावणीलगत बेगमपेठ येथील लहानशा इस्पितळात, सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस ह्यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजविले, त्याच्या अंगावर मुद्दाम वाढविलेले डास सोडले, आणि त्याचे रक्त प्यालेल्या प्रत्येक डासामागे त्याच्या हातावर एक आणा ठेवला. त्याच डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत 20 ऑगस्ट रोजी रॉस ह्यांना हिवतापाचा जंतू सापडला; पुढे 1902 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि वैद्यकाच्या इतिहासात सिकंदराबादेचे नाव कायमचे दाखल झाले. हुसेन खानाचे नाव राहिले ते त्या आण्यापुरते. तो कोठला, त्याच्या घरी खाणारी तोंडे किती, त्या आण्याला त्याच्या लेखी मोल केवढे, आणि वर्दीतल्या साहेबाला नकार देण्याची मुभा त्याला खरोखर होती काय, हे प्रश्न त्या काळी वैद्यकाचे प्रश्न मानले जात नसत.

वैद्याने रोग्याशी कसे वागावे ह्याचा विचार आपल्याकडे चरकसंहितेइतका जुना आहे आणि पाश्चात्यांकडे हिपोक्रेटीसच्या शपथेइतका. परंतु त्या साऱ्या विचारात खोलीमध्ये माणसे दोनच असतात, एक वैद्य आणि दुसरा रोगी, आणि त्या दोघांच्या पाठीशी उभे असलेले घर, भावकी, जमीन, कर्ज, मजुरी आणि रीतिरिवाज हे दाराबाहेर राहतात. दाराबाहेरच्या ह्या सगळ्याला आत घेतल्याखेरीज वैद्यकातील न्याय-अन्याय उमगत नाही, ही जाण महाराष्ट्राला ज्या एका प्रकरणाने करून दिली, ते गर्भलिंगनिदानाचे प्रकरण येथे सांगावयाचे आहे. त्याची सुरुवात मुंबई-दिल्लीत झाली आणि त्याचा सर्वांत कडू भाग आमच्या मराठवाड्यात घडला, म्हणून ते हिमायतनगरासारख्या ठिकाणी बसून सांगण्यात काही अप्रस्तुत आहे असे मला वाटत नाही.

हिमायतनगर म्हणजे पूर्वीचे वाढोणा, परमेश्वराच्या देवळामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेले, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पलीकडे विदर्भ, पूर्वेकडे किनवट-माहूरची डोंगराळ वनभूमी, आणि थोडे पुढे तेलुगू बोलणारा मुलूख. किनवट तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असे. ह्या आदिलाबादच्या रानात गोंडांच्या जमिनींवरून असंतोष पेटला, 1940 साली गोंडांचा पुढारी कोमरम भीम मारला गेला, आणि त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेंडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञाला त्या लोकांची स्थिती समजून घेण्याच्या कामी लावले. महसूलखात्याच्या दप्तरात जे लोक केवळ अतिक्रमणदार म्हणून नोंदले गेले होते, त्यांना कुळे, देवके आणि जमिनीच्या आठवणी आहेत, हे सरकारी कागदावर त्याच्या अहवालांनी आणले. बंदोबस्त करणाऱ्या अंमलदाराला बंदोबस्ताखाली येणाऱ्या माणसाविषयी विचारपूस करावी लागते, ही कल्पना आमच्या हैदराबाद रियासतीत अशी शिरली.

हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर तीनच वर्षांनी उस्मानिया विद्यापीठातील श्यामाचरण दुबे ह्यांनी हैदराबादनजीकच्या शमीरपेठ गावी जो प्रयोग केला, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. 1951-52 मध्ये त्या गावी गेलेल्या पथकात समाजशास्त्राचे अभ्यासक होते, तसेच वैद्यक, शेतकी आणि पशुवैद्यक ह्या शाखांचीही माणसे होती. एकीकडे रोग्यांवर उपचार चालले होते आणि दुसरीकडे त्याच गावातील जातिव्यवस्था, कुटुंबरचना आणि जीवनक्रम ह्यांची नोंद होत होती. त्या अभ्यासातून 1955 साली प्रसिद्ध झालेले दुबे ह्यांचे भारतीय खेड्याविषयीचे पुस्तक जगभर गाजले. दुबे ह्यांच्या पत्नी लीला दुबे ह्या माहेरच्या अंबर्डेकर, मराठी घरातल्या, विख्यात गायिका सुमती मुटाटकर ह्यांच्या भगिनी. स्वतः समाज-मानवशास्त्राच्या पंडिता असलेल्या ह्या बाईंनी आरंभी गोंड स्त्रियांचा अभ्यास केला आणि पुढे आप्तसंबंध व स्त्रीजीवन हा आपला विषय केला. आपल्या कथेत त्या लवकरच येणार आहेत.

त्याआधी जगात काय चालले होते ते थोडक्यात पाहू. वैद्यकातील नीतिविचाराला स्वतंत्र शास्त्राचे रूप अमेरिकेत 1970 च्या आसपास आले. टस्कीगी येथे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश चाळीस वर्षे उपचारावाचून नुसता पाहत ठेवण्यात आला होता, हे 1972 साली उघडकीस आल्यावर त्या विचाराला निकड प्राप्त झाली. 1979 च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हितसाधन आणि न्याय ही तीन तत्त्वे घालून दिली. तत्त्वे उत्तम होती. पण रेने फॉक्स ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने, जिने अनेक वर्षे रुग्णालयांच्या वॉर्डांत बसून डॉक्टर आणि असाध्य रोगी ह्यांचे जीवन पाहिले होते, ह्या नव्या शास्त्रावर एक मूलभूत आक्षेप घेतला. ह्या शास्त्रातला माणूस एकटा आहे, असे तिचे म्हणणे. त्याला स्वायत्तता आहे, हक्क आहेत, पण आई, बाप, सासू, शेजारी आणि गाव नाही. अमेरिकेत हा आक्षेप विद्वत्तेचा विषय झाला. आपल्याकडे तो प्राणावर बेतणारा विषय होणार होता.

गर्भजलपरीक्षा आपल्या देशात आली ती 1970 नंतरच्या दशकाच्या मध्यास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, गर्भातील जन्मजात व्याधी ओळखण्यासाठी. चौथ्या महिन्याच्या सुमारास मातेच्या पोटातून सुईने गर्भजल काढावयाचे, त्यातील पेशी वाढवून त्यांची रंगसूत्रे तपासावयाची, आणि व्याधी दिसल्यास मातापित्यांना तसे सांगावयाचे, अशी ती पद्धत. रंगसूत्रांवरून व्याधीप्रमाणेच गर्भाचे लिंगही कळते, हे लोकांच्या ध्यानात यावयास फार अवधी लागला नाही. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत वैद्यकीय गर्भपाताचा मार्ग मोकळा केलाच होता. सरकारने 1978 साली आपल्या रुग्णालयांतून लिंग ओळखण्यासाठी ही परीक्षा करण्यास मनाई केली. मात्र मनाई सरकारी दवाखान्यांपुरतीच असल्याने सुई तेथून उठली आणि खाजगी दवाखान्यांत जाऊन बसली. पंजाबात जाहिराती झळकू लागल्या, आणि थोड्याच वर्षांत मुंबईच्या लोकलगाड्यांच्या डब्यांतही त्या दिसू लागल्या. आज काही शेकडे रुपये खर्च करा आणि उद्याचा हुंड्याचा मोठा खर्च वाचवा, असा त्यांचा बिनदिक्कत आशय असे.

येथे वैद्यकीय नीतीचे जुने मोजमाप लावून पाहिले तर काय दिसते? डॉक्टर निष्णात आहे. स्त्री सज्ञान आहे, स्वतः चालत आली आहे आणि तिची लेखी संमती आहे. तिला आधीच्या तीन मुली आहेत आणि चौथी नको आहे. गर्भपात कायद्याला मान्य आहे. मग अपराध कोणाचा आणि कोठे? मुंबईतील अनेक नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ त्या काळी हाच युक्तिवाद मनापासून करीत होते आणि आपण स्त्रीवर उपकारच करीत आहोत असे त्यांना वाटत होते. खोलीत दोनच माणसे आहेत असे मानले, तर ह्या युक्तिवादाला उत्तर देणे फार अवघड आहे.

उत्तर आले ते 1982-83 मध्ये, मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ ह्या साप्ताहिकात. विमल बालसुब्रह्मण्यन ह्यांच्या लेखाने वादाला तोंड फुटले आणि धर्मा कुमार ह्या नाणावलेल्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी प्रतिपक्ष मांडला. त्यांचा मुद्दा असा की, मुली कमी झाल्या तर त्यांची किंमत वाढेल, पुरवठा घटला की मोल चढते हा बाजाराचा नियम आहे. आणि जन्मलेल्या मुलीला उपेक्षेने मारण्यापेक्षा ती जन्मासच न येणे कमी क्रूर नव्हे काय? त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, स्त्रियांच्या दुःखाची त्यांना जाणीव होती. लीला दुबे ह्यांनी फेब्रुवारी 1983 मध्ये त्यांना जे उत्तर दिले, ते भारतीय वैद्यकीय नीतीच्या इतिहासातील एक निर्णायक लिखाण आहे असे मी मानतो. दुबे ह्यांच्यामागे आप्तसंबंधांच्या अभ्यासाची तीन दशके होती, आणि भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा 1974 चा अहवाल देणाऱ्या समितीच्या त्या सदस्य होत्या. 1901 साली दर हजार पुरुषांमागे 972 असलेल्या स्त्रिया 1971 साली 930 वर आल्या, ही गोष्ट त्याच अहवालाने देशापुढे ठळकपणे ठेवली होती. लीला दुबे ह्यांनी विचारले की, ज्या प्रदेशांत आणि जातींत स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कमी आहेत तेथे त्यांची किंमत वाढलेली आढळते काय? तेथे आढळतात त्या दूरच्या मुलखातून विकत आणलेल्या बायका, पळवून नेण्याचे प्रकार, एकाच स्त्रीवर भावाभावांचा हक्क. वस्तूची किंमत वाढते तेव्हा ती वस्तूच्या धन्याला मिळते, वस्तूला मिळत नाही. आणि स्त्रीची किंमत बाजार ठरवीत नसून सोयरीक, वारसा आणि वंश ह्यांची व्यवस्था ठरविते. तत्त्वांची चर्चा बाजूला ठेवून, समाज प्रत्यक्षात कसा चालतो ह्याच्या दाखल्यांनी एका नैतिक प्रश्नाचा निकाल लावण्याचे हे आपल्याकडील पहिले मोठे उदाहरण होय. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत उत्तरेच्या काही भागांत परप्रांतांतून मुली आणून लग्ने लावण्याचे जे प्रकार वाढले, त्यांकडे पाहिले म्हणजे दुबे ह्यांची दूरदृष्टी प्रत्ययास येते.

लेखांनी दवाखाने बंद होत नाहीत. 1985 च्या सुमारास मुंबईत स्त्रीसंघटना, डॉक्टर, वैज्ञानिक आणि समाजशास्त्राचे अभ्यासक ह्यांनी एकत्र येऊन लिंगनिदान व लिंगनिवड ह्यांविरुद्ध एक मंच उभारला. विभूती पटेल, छाया दातार, मनीषा गुप्ते, अमर जेसानी, आर. पी. रवींद्र ही त्यातील काही नावे. ह्या मंडळींपुढचा पेच साधा नव्हता. गर्भपात हा स्त्रीचा हक्क, तो त्यांपैकी अनेकांनी मोठ्या हिरीरीने पुरस्कारलेला. आता त्याच हक्काच्या दाराने स्त्रीजातीच्या निवडक निर्मूलनाची वाट निघाली होती. एकाला विरोध करताना दुसरा दुखावू नये, ही कसरत त्यांनी शेवटपर्यंत प्रामाणिकपणे केली. गर्भपाताचा हक्क अबाधित ठेवावा, पण गर्भाचे लिंग सांगण्यालाच बंदी करावी, अशी त्यांची मागणी होती.

सरकारने पुरावा मागितला, आणि येथे समाजशास्त्रीय पाहणी कामास आली. त्या वेळचे राज्याचे आरोग्यसचिव डी. टी. जोसेफ हे ह्या प्रश्नाकडे सहानुभूतीने पाहणारे अधिकारी होते. डॉ. संजीव कुलकर्णी ह्या स्त्रीरोगतज्ज्ञाने, डॉ. नोशीर अंटिया ह्यांनी स्थापिलेल्या सामाजिक आरोग्य-संशोधन संस्थेमार्फत, 1986 साली मुंबईतील पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांपैकी 42 जण, म्हणजे शेकडा 84, ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. महत्त्वाची गोष्ट संख्येइतकीच मुलाखतींच्या आशयातही होती. डॉक्टरांनी काही लपविले नाही, कारण लपविण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. आपण मानवतेचे काम करीत आहोत असे त्यांतील बहुतेकांनी सांगितले. एखाद-दुसऱ्या लोभी डॉक्टराचे हे कृत्य नसून एका प्रतिष्ठित व्यवसायाने आपल्या समाजाचा पूर्वग्रह रुग्णसेवा समजून स्वीकारला आहे, हे त्या पाहणीने निःसंशय सिद्ध केले. वैद्यकीय परिषदेच्या चौकशीतून हे निष्पन्न झाले नसते, कारण परिषद तक्रारीवरून एका माणसाची चौकशी करते, आणि येथे तक्रारदारच नव्हता.

1988 साली महाराष्ट्र विधिमंडळाने प्रसवपूर्व निदानतंत्रांच्या वापराचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. अंमलबजावणी दुबळी ठरली, खटले फारसे उभे राहिले नाहीत, आणि राज्याच्या हद्दीपलीकडे जाऊन परीक्षा करून येण्यास कोणाची आडकाठी नव्हती. म्हणून मागणी दिल्लीकडे वळली, संसदेने 1994 साली देशव्यापी कायदा केला आणि तो 1 जानेवारी 1996 पासून अंमलात आला.

ह्या केंद्रीय कायद्याच्या 24 व्या कलमाकडे विधिज्ञ मंडळी सहसा एक तांत्रिक तरतूद म्हणून पाहतात. मला ते ह्या सगळ्या इतिहासाचे सार वाटते. गर्भवती स्त्रीने अशी परीक्षा करून घेतली असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्या नवऱ्याने किंवा नातलगांनी तिला भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम सांगते. संमती कागदावर असली तरी ती कोणत्या घरातून आली हे न्यायासनाने पाहावे, एवढी मोठी गोष्ट त्या चार ओळींत आहे. सासरच्या उंबऱ्याआत स्त्रीची इच्छा किती तिची आणि किती इतरांची असते, ह्याविषयी आप्तसंबंधांच्या अभ्यासकांनी पन्नास वर्षे जे लिहिले, ते तेथे कायद्याच्या भाषेत उतरले आहे. ह्या तरतुदीवर आक्षेपही आहेत, आणि ते विचारार्ह आहेत: स्त्रीला सदैव परतंत्र मानले तर तिच्या स्वतःच्या निर्णयालाही आपण मान देत नाही, असे काही स्त्रीवादी विचारवंतांचे म्हणणे. तरीही, ज्या आईवर आधीच सासूचा आणि नवऱ्याचा दाब आहे तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे किती अन्यायाचे झाले असते ह्याचा विचार करता, मी तरी ह्या कलमाच्या बाजूने आहे.

कायदा झाला आणि सोनोग्राफीची यंत्रे आली. सुईची गरज उरली नाही, निदान स्वस्त झाले, तालुक्याच्या गावी पोहोचले. मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ ह्या संस्था आणि तमिळनाडूतील खेड्यांत बालिकांच्या मृत्यूंचा अभ्यास केलेले डॉ. साबू जॉर्ज ह्यांनी 2000 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. 2001 च्या जनगणनेचे आकडे येऊन थडकले तेव्हा ती सुनावणीस होती. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या, त्या 913 झाल्या होत्या. 4 मे 2001 रोजी न्यायालयाने केंद्र व राज्य सरकारांना कडक आदेश दिले, आणि 14 फेब्रुवारी 2003 पासून सुधारित कायदा लागू होऊन यंत्रांची नोंदणी आणि प्रत्येक तपासणीची नोंद सक्तीची झाली.

आता मराठवाड्याकडे येतो, आणि येथे ज्या समाजशास्त्राची बाजू मी आतापर्यंत घेतली त्या शास्त्राचाही एक पराभव नोंदवावा लागतो. इरावती कर्वे ह्यांनी 1953 साली भारतातील आप्तसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला त्यात उत्तर आणि दक्षिण अशा दोन रीती दाखविल्या. उत्तरेत मुलगी लांबच्या अनोळखी गावी जाते आणि माहेर तिला परके होते. दक्षिणेत मामाच्या घरी, आत्याच्या घरी, ओळखीच्या माणसांत तिचे लग्न होते आणि सासरी तिला बोलण्याची सोय राहते. महाराष्ट्र ह्या दोहोंच्या मध्ये, आणि तेलंगणाला लागून असलेला आमचा भाग दक्षिणेकडे अधिक झुकलेला; मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क येथे आजही बोलून दाखविला जातो. टिम डायसन आणि मिक मूर ह्या दोन अभ्यासकांनी 1983 साली हा धागा पुढे नेऊन, दक्षिणी पद्धतीच्या सोयरीकीत स्त्रीला अधिक मोकळीक असते आणि म्हणून तेथे मुलींची हेळसांड कमी होते, असे लोकसंख्याशास्त्राच्या आधारे मांडले. ह्या हिशेबाने मराठवाडा सुरक्षित राहावयास हवा होता. 2011 साली बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 807 मुली उरल्या, आणि दहाच वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. साऱ्या महाराष्ट्रात त्याहून वाईट आकडा नव्हता. 2012 साली त्याच जिल्ह्यातील परळी येथे एका दवाखान्यातील अवैध गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यात पुढे शिक्षाही झाल्या. आमच्या नांदेड जिल्ह्याचा आकडा बीडइतका खाली गेला नाही, पण त्यात समाधान मानावे असे काही नाही.

असे का व्हावे? मामाभाच्यांच्या सोयरीकीत हुंडा नावापुरता असे, मुलगी एका घरातून दुसऱ्या ओळखीच्या घरात जाई. नोकरीवाला जावई शोधण्याची रीत पडली, ओलिताची शेती आणि उसाचा पैसा आला, सोयरीकीचे वर्तुळ नात्याबाहेर गेले, आणि त्याबरोबर हुंड्याची रक्कम चढत गेली. मुले दोनच हवीत हे सरकारचे म्हणणे लोकांनी मानले, पण त्या दोहोंत एक तरी मुलगा हवा हे आपले म्हणणे सोडले नाही. जुन्या सोयरीकीचे संरक्षण असे मोडत असताना तिच्यावरचा शास्त्राचा भरवसा मात्र ग्रंथांत तसाच राहिला होता. समाजशास्त्राच्या निष्कर्षांनाही मुदत असते आणि ती संपली की पुन्हा गावी जाऊन विचारावे लागते, हा धडा मराठवाड्याने अभ्यासकांना दिला.

गावी जाऊन विचारणे ही गोष्टही निष्पाप नाही. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’च्या कार्यक्षेत्रात मनीषा गुप्ते, सुनीता बंडेवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात स्त्रियांशी गर्भपाताविषयी दीर्घ संभाषणे केली. ज्या विषयाची सासूलाही वार्ता नसते असा हा विषय. संशोधिकेने दारात बसून विचारलेला एक प्रश्न शेजारणीच्या कानी गेला तर त्या बाईचा संसार उधळू शकतो. बाई मुलगी नको म्हणून गर्भपात केल्याचे सांगते, तेव्हा ऐकणारीने गप्प राहावे, समजवावे, की कायद्याला कळवावे? डॉक्टरांना नीती शिकवू निघालेल्या समाजशास्त्रज्ञांवर स्वतःच्या नीतीचा प्रश्न असा आपोआप आला, आणि त्यांनी तो टाळला नाही ह्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. ‘सेहत’च्या पुढाकाराने, घनश्याम शहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने, 2000 साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सिद्ध केली. माहिती देणाऱ्याची ओळख झाकावी, त्याला होऊ शकणारी इजा आधी ओळखून ती टाळावी, निष्कर्ष त्याच्यापर्यंत आणि लोकांपर्यंत परत न्यावेत, अशा गोष्टी त्यांत आपल्याकडे प्रथमच एकत्र लिहिल्या गेल्या. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपली तत्त्वे प्रसिद्ध केली आणि मानवी प्रयोगांना परवानगी देणाऱ्या प्रत्येक नीतिसमितीत डॉक्टर, विधिज्ञ आणि सामान्य नागरिक ह्यांच्याबरोबर समाजशास्त्राचा एक जाणकार असावा असे म्हटले. त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे म्हणणे समितीत किती ऐकले जाते, हा प्रत्येक संस्थेच्या अंतःकरणाचा प्रश्न आहे; पण खुर्ची मांडली गेली ही गोष्ट लहान नव्हे.

तिची निकड 2019 साली पुन्हा दिसली, आणि पुन्हा बीडमध्येच. ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या आल्यावर, विधानपरिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. येथेही प्रत्येक शस्त्रक्रियेमागे संमतीपत्र असणार, त्यावर सही किंवा अंगठा असणार. त्या अंगठ्यामागचे जग मात्र फडावरचे आहे. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून दोघांच्या नावे उचल घेतलेली असते, बाईने एक दिवस खाडा केला तर दिवसाच्या मजुरीहून अधिक दंड त्या उचलीत चढतो, पाचटात पालाखाली राहताना पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखण्याची सोय नाही. अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात गेले की कर्करोगाची भीती घातली जाते, आणि पिशवी काढली म्हणजे पाळीचा खाडाही जाईल असा हिशेब घरात होतो. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, विशी-पंचविशीत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, आणि मग हे. बाई खरोखरीच ‘हो’ म्हणाली होती, तिला कोणी बांधून आणले नव्हते.

जिल्हा प्रशासनाने त्यानंतर खाजगी रुग्णालयांस जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवाचून अशी शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली, आणि समितीने ऊसतोड मजुरांची नोंदणी, आरोग्यपत्रिका, हंगामापूर्वी व हंगामानंतर तपासणी ह्यांची शिफारस केली. परवानगीच्या अटीने डॉक्टरांचा हात अडला हे चांगलेच झाले. खाड्याचा दंड मात्र कोणत्याही नीतिसमितीच्या कक्षेत येत नाही, तो मुकादमाच्या वहीत लिहिला जातो; आणि उचलीच्या त्या वहीचा अभ्यास करणे, कारखाना, मुकादम आणि कोयता ह्यांतील करार कोणत्या अटींवर होतो हे तपासून ते वैद्यकीय नीतीच्या विषयपत्रिकेवर आणणे, हे आज बीडपासून आमच्या हदगाव-किनवटपर्यंतच्या तालुक्यांत अभ्यासकांपुढे पडलेले काम आहे.